पायाचं हाड जबड्यात बसवायचं तर आधी कॉम्प्युटरवर काय काय करावं लागतं

आधीच सांगून टाकतो, ऑपरेशन मी करत नाही. माझा कणकवलीला दातांचा दवाखाना आहे, दिवसभर रूट कॅनल आणि कवळ्या, आणि रात्री शटर ओढलं की कॉलेजातल्या एका सर्जन मित्रासाठी जबड्याचं प्लॅनिंग करत बसतो. म्हणजे कॅन्सर किंवा गाठीमुळे खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागणार असेल तर तिथे पायाचं हाड कसं कापायचं, कसं बसवायचं ते आधी स्क्रीनवर करून बघायचं आणि त्याप्रमाणे कापायचे साचे, म्हणजे गाइड, थ्रीडी प्रिंट करून द्यायचे. एमडीएस (दातांच्या डॉक्टरीचं पदव्युत्तर शिक्षण) करणारी पोरं फोन करतात, कधी पेशंटचा मुलगा विचारतो की सर हे गाइड-बिइड काय असतं, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहितोय.

आमच्याकडे अशा केसेस कमी नाहीत. मशेरी लावणाऱ्या आज्या आहेतच, आणि गुटखाबंदी २०१२ पासून आहे तरी पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याशिवाय अमेलोब्लास्टोमा नावाची एक गाठ असते, तिचा तंबाखूशी काही संबंध नाही, कॅन्सरही नाही, पण जबडा आतून पोखरत फुगवत जाते आणि नुसती खरवडली तर परत येते. जबड्याचं असं काही निघालं की इथली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, नाहीतर कोल्हापूर, नाहीतर रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबई. खाली मी जे उदाहरण देणार आहे तो मालवणकडचा एक रापणीवरचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावरचा) गडी, तिशीतला, हीच गाठ, डाव्या बाजूला. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.

पायाचं हाड म्हणजे फिब्युला, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला जे लांब बारीक हाड असतं ते. वजन बहुतेक सगळं शेजारच्या जाड हाडावर असतं, म्हणून मधला भाग काढला तरी माणूस चालतो. सोबत पेरोनियल नावाची रक्तवाहिनी येते, ती मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडली की हाड जिवंत राहतं. न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड हिदाल्गोंनी १९८९ मध्ये या हाडाने जबडा बांधल्याचं प्रसिद्ध केलं आणि आज खालच्या जबड्याला पहिली पसंती हीच आहे. अडचण एकच, फिब्युला सरळ काठी आणि जबडा घोड्याच्या नालासारखा. काठीला दोन-तीन ठिकाणी पाचरीसारखे काप देऊन वाकवावं लागतं, आणि पूर्वी हे सगळं टेबलावर डोळ्याच्या अंदाजाने व्हायचं, तेही रक्त बंद असलेल्या हाडाचं घड्याळ टिकटिकत असताना. आमच्याकडे होडी बांधणारा मेस्त्री लाकूड कापायच्या आधी प्लायवुडचा फर्मा काढतो ना, आतलं बाकदार लाकूड फर्म्यावर ठेवून मगच करवत लावतो, तेच इथे करायचं. कॉम्प्युटर फर्मा काढून देतो, कापायचं सर्जननेच.

आता क्रमाने. पण क्रमात सॉफ्टवेअर पहिलं नाही, पहिला आहे सीटी स्कॅन, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात भानगडी इथेच होतात.

स्कॅन

सीटी सेंटरला चिठ्ठी लिहिताना नुसतं सीटी फेस लिहू नका. लिहायचं असं: स्लाइस, म्हणजे स्कॅनच्या एकेका चकतीची जाडी, १ मिलिमीटर किंवा कमी, ०.६२५ मिळाली तर सोन्याहून पिवळं, स्लाइस एकमेकींना लागून, मध्ये फट नको, गॅन्ट्री टिल्ट (मशीनच्या चक्राचा कल) शून्य, हाडाच्या आणि मांसाच्या अशा दोन्ही अल्गोरिदमने, दोन्ही बाजूचे जबड्याचे सांधे पूर्ण आत आले पाहिजेत, आणि सगळा डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या पूर्ण फाइली, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. फिल्म नको, फिल्मवर प्लॅनिंग होत नाही. दात एकमेकांवर घट्ट दाबलेले नकोत, मध्ये आइस्क्रीमची काडी धरायला सांगा, नाहीतर वरचे-खालचे दात स्क्रीनवर एकमेकांत चिकटतात आणि ते सोडवण्यात आख्खी रात्र जाते. कवळी, नथ, कुड्या, मंगळसूत्र सगळं काढून, आणि मशीन फिरताना गिळायचं नाही.

त्या रापणकाराचा पहिला स्कॅन एका सेंटरमधून आला (नाव नको), सीडी लावली तर त्यात नुसते जेपीजी फोटो. फोन केला, दुसरी सीडी आली, ती एसटीच्या पार्सलने, आणि तीत डायकॉम होते पण ५ मिलिमीटरचे. ५ मिमीच्या स्कॅनवरून जबडा काढला की तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो, त्यावर कुठलं गाइड बसणार. मी म्हटलं मशीनवरचा मूळ डेटा घेऊन बारीक स्लाइस परत काढून द्या, तर कळलं तो डेटा मशीनवरून उडवलेला, कारण मशीनवर तो काही दिवसच ठेवतात. बिचाऱ्याला परत गाडीभाडं आणि परत रेडिएशन. म्हणून सेंटरमधून बाहेर पडायच्या आधीच लॅपटॉपवर सीडी उघडून बघा. सोपी खूण सांगतो, नातेवाइकांनाही जमेल: जबड्याच्या फोल्डरमध्ये ३०-४० इमेज असतील तर ती जाड स्लाइस आहे, तिथेच थांबा आणि बारीक मागा, दोनशे-तीनशेच्या घरात असतील तर बहुतेक काम झालं.

स्कॅन किती जुना चालेल? अमेलोब्लास्टोमाला दोन-तीन महिने इकडेतिकडे झाले तरी फार फरक पडत नाही, पण कॅन्सर थांबत नाही, तिथे महिन्याच्या आतला स्कॅन हवा आणि प्लॅन ते ऑपरेशन यात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गाइड यायचंय म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं हे मला पटत नाही, मग गाइड नसलेलं बरं.

डेटा पाठवताना पेशंटचं नाव, फोन, केस नंबर फाइलीतून काढा, स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. आणि झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉट्सॅपवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवणारे महाभाग अजून आहेत.

पायाचा स्कॅन वेगळा. दोन्ही पायांची सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, गुडघ्याच्या वरपासून पावलापर्यंत. यात डाय शिरेतून देतात म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. नुसत्या हाडासाठी अँजिओ कशाला, असं काहीजण म्हणतात, पण थोड्या लोकांच्या पावलाला रक्त मुख्यतः पेरोनियलमधूनच जातं, बाकीच्या दोन वाहिन्या बारीक असतात किंवा नसतातच, आणि अशा पायाची पेरोनियल काढली तर पाऊलच धोक्यात येतं. तंबाखू ओढणाऱ्याच्या, डायबेटिसवाल्याच्या वाहिन्या आधीच बुजत आलेल्या असतात. पूर्वी माडावरून पडून पाय मोडलेला आहे का, बाइकवरून पडलाय का, हेही विचारा, माणसं आपणहून सांगत नाहीत.

हाड वेगळं करणं

मी थ्रीडी स्लायसर वापरतो, फुकट आहे. कंपन्यांकडे मिमिक्स वगैरे असतं, ते झकास आहे पण माझ्या खिशाबाहेर. एक लक्षात ठेवा, स्लायसर संशोधनासाठीचं सॉफ्टवेअर आहे, वैद्यकीय उपकरण म्हणून त्याला मान्यता नाही, त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक मापाची जबाबदारी सर्जनची आणि हॉस्पिटलची असते आणि तशी लेखी परवानगी, पेशंटची संमती, सगळं असल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियमही आहेत, हॉस्पिटलने ते बघूनच पुढे जावं.

सेगमेंट एडिटर उघडायचा, थ्रेशोल्ड लावायचा, म्हणजे किती घनतेच्या वरचं हाड धरायचं ते ठरवायचं. हाडासाठी साधारण २०० ते २५० हाउन्सफील्ड युनिटपासून (सीटीतलं घनतेचं माप) वर. तरुण माणसाचं हाड छान भरीव येतं, म्हातारीच्या जबड्यात मात्र सांध्याच्या मुंडीजवळ भोकं पडलेली दिसतात, ती खरी भोकं नसतात, तिथे थ्रेशोल्ड खाली आणून ब्रशने भरून घ्यायचं. मग खालचा जबडा वरच्यापासून आणि कवटीपासून सोडवायचा, सांध्यात फट अगदी बारीक असते, तिथे घाई केली की मुंडीचा तुकडा कवटीकडे राहतो. गाठीने खाल्लेला भाग देखणा करण्यात वेळ घालवू नका, तो तर काढूनच टाकायचाय, पण जिथे काप येणार आणि जिथे गाइड टेकणार ती जागा नखाएवढीसुद्धा चुकता कामा नये.

चांदी भरलेले दात आणि धातूच्या कॅप असतील तर सीटीत सूर्यफुलासारख्या रेषा मारतात आणि दातांचा आकार पार बिघडतो. तिथे आमच्यासारख्या दातवाल्याचा उपयोग होतो. मी माप घेऊन प्लास्टरचं मॉडेल करतो, ते स्कॅन करतो आणि सीटीतल्या जबड्यावर बसवतो. थोडी कटकट आहे पण दात नीट नसले तर चावा कशावर जुळवणार.

कुठे कापायचं

हे मी ठरवत नाही. सर्जन शेजारी बसलेला हवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून, आणि माउस फिरवत त्यानेच म्हणायचं, इथे. गाठ संपते त्याच्या पुढे चांगल्या हाडाची कड सोडून काप घेतात, अमेलोब्लास्टोमाला साधारण १ ते १.५ सेंटिमीटर, कॅन्सरला हाडाची कड साधारण १ सेंटिमीटर धरतात पण तिथे मांस किती धरलंय यावर सगळं बदलतं आणि ते कधीकधी उघडल्यावरच कळतं. म्हणून कॅन्सरच्या केसमध्ये मी गाइडला दोन खाचा ठेवतो, एक ठरलेली आणि एक बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर तिथून कापायचं, आणि त्यासाठी पायाच्या हाडाचं दुसरं गणितही फाइलमध्ये तयार ठेवायचं. दुसरा प्लॅन नसलेलं गाइड ऑपरेशन थिएटरमध्ये महागडी प्लास्टिकची पट्टी ठरतं.

दातापासून उलटं

इथे नवशिके चुकतात. पाय उघडतात, हाड घेतात आणि जबड्याच्या खालच्या कडेला सरळ चिकटवत जातात, दिसायला झकास, चेहऱ्याची कड जुळली, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. नंतर दात बसवायची वेळ आली की कळतं हाड चाव्याच्या रेषेच्या एवढं खाली आहे की इम्प्लांट (दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) टाकलं तर दात बगळ्याच्या मानेसारखा लांब होईल. फिब्युलाची उंची सव्वा-दीड सेंटिमीटरच्या आसपास, दात असलेला तरुण जबडा त्याच्या दुप्पट उंच. म्हणजे खालची कड जुळवली तर वर खड्डा, वर उचललं तर गालाखाली खोलगट दिसणार. दोन हाडं एकावर एक ठेवायचीही पद्धत आहे, पण त्याला लांबी जास्त लागते आणि वाहिनी जपावी लागते.

म्हणून आधी वरच्या दातांसमोर खालचे दात कुठे यायला हवेत ते लावून बघायचं, त्याखाली इम्प्लांट, त्याखाली हाड, असं वरून खाली. किती उचलायचं हे पेशंटला विचारून ठरवावं असं माझं मत आहे, सर्जन मित्र आणि मी यावर भांडलोय. त्या रापणकाराला मी प्रिंट केलेला जबडा हातात दिला, दोन्ही पद्धती दाखवल्या, म्हटलं असं केलं तर चेहरा छान, असं केलं तर दात छान. त्याने जबडा उलटा-सुलटा करून बघितला, अंगठ्याने गाठीच्या जागचा फुगवटा चाचपला, मग विचारलं, “माका सुको बांगडो चावूक गावतलो मां?” झालं, निर्णय झाला, हाड वर उचललं. दाढी वाढवली की गाल कोण बघतंय, हे त्याचंच म्हणणं.

त्याचा दुसरा प्रश्न होता, “डॉक्टरानूं, पायाचा हाड तोंडात घालतलास तर मी चलतलंय कसो?” त्याचं उत्तर प्लॅनमध्येच असतं. घोट्याकडचं निदान ६ ते ८ सेंटिमीटर हाड जागेवर ठेवायचं म्हणजे घोटा डळमळत नाही, वर गुडघ्याकडेही ५-६ सेंटिमीटर ठेवायचं कारण तिथून पाऊल उचलणारी नस वळते. मधलं वापरायचं. स्क्रीनवर मी हे दोन्ही भाग लाल रंगवून ठेवतो, चुकून प्लॅन तिकडे सरकला तर लगेच दिसतं.

आकार मिळवायला चांगली बाजू आरशासारखी उलटवून आजारी बाजूवर ठेवतात. गाठीने जबडा फुगलेला असतो, त्या फुगलेल्या आकारावर प्लेट (हाडं धरून ठेवणारी धातूची पट्टी) वाकवली तर माणूस बरा होऊनही गाल सुजल्यासारखा दिसेल. पण उलटवलेली बाजू देववाणी नव्हे, कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, आणि गाठ हनुवटीच्या पलीकडे गेली असेल तर उलटवायला चांगली बाजूच उरत नाही, तिथे वरच्या दातांची कमान धरून चालायचं.

स्लायसरमध्ये बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर म्हणून एक एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) आहे, खास याच कामाचं. जबड्यावरून एक वक्र रेषा काढायची, कापायच्या जागी प्लेन (काप दाखवणारे सपाट पडदे) टाकायचे, फिब्युलावर एक रेषा, आणि ते स्वतःच पाचरींचे कोन काढून फिब्युलाचे तुकडे जबड्यात मांडून दाखवतं, प्लेन हलवला की तुकडेही हलतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास नुसता प्लेन मागेपुढे करत बसलो होतो. तरी दोन गोष्टी ते सांगत नाही, त्या आपण बघायच्या. एक, कुठलाही तुकडा २ सेंटिमीटरपेक्षा छोटा नको, नाहीतर त्याला चिकटलेलं रक्त पुरवणारं आवरण कमी पडतं, हाड वाळतं. तुकडे जितके कमी तितकं बरं, आकार तंतोतंत यावा म्हणून चार-चार तुकडे करणं ही स्क्रीनची हौस आहे. दुसरं, रक्तवाहिनीची बाजू. फिब्युलाच्या बाहेरच्या अंगावर प्लेट येते, वाहिनी आतल्या बाजूला, जिभेकडे, आणि वाहिनीचं मोकळं टोक गुडघ्याकडून निघतं. ते टोक मानेत जिथे जोडायचं तिकडेच यायला हवं. डावा पाय की उजवा हे यावरून आणि हाडासोबत घेतलेली कातडी कुठे हवी यावरून ठरतं, सर्जनला विचारल्याशिवाय पाय निवडू नका. मी एकदा माझ्या मनाने निवडला होता, अख्खा प्लॅन फुकट गेला, आणि बरं झालं स्क्रीनवरच गेला.

गाइड

गाइड म्हणजे हाडावर एकाच जागी बसणारी पट्टी, तिला करवतीच्या पात्यासाठी खाचा आणि स्क्रूसाठी भोकं. सुताराकडे चौकटीचा कोन कापायला लाकडी पेटी असते ना, करवत तिच्या खाचेतून जाते, तसंच. एक जबड्यासाठी, एक पायासाठी. फिब्युलावर पातळ आवरण आणि थोडं मांस ठेवूनच काम करतात, म्हणून गाइड उघड्या हाडाच्या मापाने घट्ट बनवलं तर बसतच नाही, मी अर्धा मिलिमीटरच्या आसपास मोकळं ठेवतो.

जबडा मधून कापला की सांध्याकडचा तुकडा स्नायूंच्या ओढीने वर-आत फिरतो, मोकळा झालेला दरवाजा जसा बिजागरीवर झुलतो तसा. मग तो मूळ जागी परत कसा आणायचा? गाइडची स्क्रूची भोकं आणि नंतर येणाऱ्या प्लेटची भोकं एकाच जागी ठेवायची. कापायच्या आधी गाइडमधून भोकं पाडली, कापलं, गाइड काढलं, प्लेट लावली, स्क्रू त्याच भोकात, सांधा आपोआप जागेवर. ज्याने कुणी हे शोधलं त्याला कोकणातला एक डझन हापूस माझ्याकडून.

प्लेट खास पेशंटसाठी टायटॅनियमची बनवून मिळते, महाग पडते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी: नवा जबडा, म्हणजे फिब्युला बसवल्यानंतरचा, साध्या पीएलए प्लास्टिकमध्ये प्रिंट करायचा, त्यावर साधी २.४ मिमीची रिकन्स्ट्रक्शन प्लेट आदल्या दिवशी निवांत वाकवून घ्यायची आणि फक्त प्लेट ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला) पाठवायची. खर्च प्रिंटच्या रिळाएवढा आणि थिएटरमधला वाकवण्याचा वेळ वाचतो. कुणी मला विचारलं की यातली एकच गोष्ट करता येईल, कुठली करू, तर मी हीच सांगेन.

गाइडवर अक्षरं कोरा. पहिल्या एका केसला मी फिब्युलाचं गाइड गुळगुळीत छान करून दिलं, थिएटरमधून सिस्टरचा फोन, सर यातलं घोट्याकडचं टोक कुठलं. मला घाम फुटला. तेव्हापासून प्रत्येक गाइडवर बाण आणि घोटा असं कोरलेलं असतं, आणि डावं-उजवं.

प्रिंट आणि आमची हवा

मॉडेलला साधा प्रिंटर चालतो, गाइडला रेझिनचा, आणि रेझिन शरीराला चालणारं, निर्जंतुक करता येणारं असंच, पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. हे मला माहीत होतं तरी एकदा दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ डिग्रीला, पीएलएचा तुकडा बघू या म्हणून टाकला, बाहेर आली ती जिलबी. पेशंटला लागणारं गाइड नव्हतं ते, पण जिलबी अजून ड्रॉवरमध्ये आहे, शिकायला येणाऱ्यांना दाखवतो.

जून लागला की आमच्याकडे भिंती घाम गाळतात, फिलामेंटचं रीळ उघडं ठेवलं तर ओल धरतं आणि प्रिंट करताना चुरचुर आवाज येऊन पृष्ठभागावर फोड येतात. रीळ हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवू नका, बायको ओरडते. आणि लाइट. जबड्याच्या प्रिंटला आठ-दहा तास लागतात आणि वळवाच्या पावसात नवव्या तासाला लाइट जाते. इन्व्हर्टर असल्याशिवाय मे-जूनमध्ये प्रिंट लावू नका, गणपतीत पण नको, तेव्हा घरात दहा माणसं असतात आणि कोणीतरी प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावतंच.

प्रिंट झालं की व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) मोजा. आधी २० मिलिमीटरचा ठोकळा प्रिंट करून बघायचा, तो २० भरला तरच पुढे. गाइड निर्जंतुक करण्याआधी मोजा, आणि नमुन्याचं दुसरं गाइड निर्जंतुक करून तेही मोजा. प्रिंट केलेलं गाइड प्रिंट केलेल्या हाडावर बसवून, खाचेत खरं पातं घालून, एकदा कापून बघा. थिएटरमध्ये पहिल्यांदा काही करायचं नाही.

नातेवाइकांसाठी थोडं. गाइड आणि प्लॅनिंगचा खर्च योजनेच्या पॅकेजमध्ये येतो का हे आधीच विचारा, महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्येच बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे पहिल्या दिवशीच जा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही. गाइड नसलं तर ऑपरेशन होत नाही असं अजिबात नाही, हात बसलेला सर्जन गाइडशिवायही उत्तम करतो, वर्षानुवर्षं करत आलेत. आणि पाय धरून चार पावलं चालवायला फिजिओथेरपीवाले लवकर येतात, तेव्हा आईने मध्ये पडून “झोपू दे त्याला” म्हणू नये.

नंतर

ऑपरेशन झालं की काम संपत नाही, निदान माझं तरी. नंतरचा सीटी मागवून घ्या आणि प्लॅनवर ठेवून बघा, दोन रंगात. रापणकाराचा ठेवला तेव्हा हनुवटीकडे झकास जुळलं होतं, मागच्या कोपऱ्याशी मात्र ३ मिलिमीटर आत. चावायला काही फरक नाही, बाहेरून दिसतही नाही, तो पुढच्या हंगामात परत रापणीवर गेलाही, पण मला झोप लागेना. दोन रात्री फाइल उघडून बसलो. शेवटी मित्राला फोन केला की तू वापरलेलं पातं कुठलं, तर थिएटरमधलं नेहमीचं पातं संपलं होतं, दुसरं लावलेलं, जरा जाड. प्रत्येक कापात पातं आपल्या जाडीएवढं हाड खातं, भुसा होऊन जातं ते, आणि कापांवर काप बेरीज होत जाते, त्यात जाड पातं माझ्या खाचेत घट्ट बसून किंचित तिरकंही गेलं असणार. आता पात्याची जाडी व्हर्नियरने मोजून आल्याशिवाय मी खाच काढत नाही, आणि गाइडच्या डब्यावर मार्करने लिहितो, हेच पातं वापरा, आणि त्याच कंपनीची दोन पाती सोबत पाठवतो.